सीएनसी यंत्रासाठी योग्य पोस्ट प्रोसेसरची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कार्यशाळांत सीएनसी यंत्रे आता रुळली आहेत. विद्यार्थी संगणकावर भागाचे आरेखन करतो, कॅम प्रणालीत टूलचा मार्ग ठरवतो आणि पडद्यावरील सिम्युलेशनमध्ये सर्व काही निर्दोष दिसते. तरीही तोच प्रोग्राम यंत्रावर चालविल्यास कधी यंत्र अलार्म देऊन थांबते, तर कधी टूल भलत्याच ठिकाणी जाते. अशा वेळी दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो पोस्ट प्रोसेसरच्या निवडीत असू शकतो. प्रस्तुत लेखात या निवडीच्या निकषांचा विचार केला आहे.

पोस्ट प्रोसेसरचे कार्य

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ मध्ये अंकनियंत्रित मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात तेथे 'एपीटी' ही प्रोग्रामिंग भाषा विकसित झाली. भागाच्या भूमितीचे गणित एकदा सोडवावे आणि त्याचे उत्तर प्रत्येक यंत्राच्या भाषेत स्वतंत्रपणे उतरवावे, ही विभागणी त्या काळापासूनची आहे. आजही कॅम प्रणाली प्रथम टूलचे स्थान व दिशा सांगणारी यंत्रनिरपेक्ष माहिती तयार करते. पोस्ट प्रोसेसर तिचे विशिष्ट नियंत्रकाला समजणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करतो. कॅम प्रणालीतील नेहमीचे सिम्युलेशन बहुधा या रूपांतरापूर्वीच्या माहितीवर चालते. म्हणूनच रूपांतरातील चूक पडद्यावर दिसत नाही, ती यंत्रावरच प्रकट होते.

एकच कोड, भिन्न अर्थ

जी-कोडसाठी आयएसओ ६९८३ हे मानक १९८२ पासून अस्तित्वात आहे. तथापि सरळ रेषा व वर्तुळखंड यांसारख्या मूलभूत हालचालींच्या पलीकडे प्रत्येक उत्पादकाने आपापली वाट धरली. छिद्र पाडण्याची साधी क्रिया फानुक नियंत्रकावर 'जी ८१' ने, सीमेन्सच्या सिन्युमेरिकवर 'सायकल ८१' ने, तर हायडेनहाइनवर त्याच्या स्वतःच्या संवादी भाषेतील 'सायकल २००' ने सांगितली जाते.

हे भेद उघड असल्याने त्यांचा धोका कमी. यंत्र अलार्म देते व काम थांबते. खरा धोका यंत्र निमूटपणे स्वीकारते अशा भेदांत आहे. दशांशचिन्हाविना लिहिलेले 'एक्स १००' सिन्युमेरिकवर १०० मिलिमीटर होय. फानुकवर मात्र पॅरामीटरच्या मांडणीनुसार त्याचा अर्थ ०.१ मिलिमीटर असा होऊ शकतो.

नियंत्रकाचा उत्पादक एकच असला तरी प्रश्न संपत नाही. फानुकच्या लेथ नियंत्रकांत जी-कोडच्या ए, बी व सी अशा तीन पद्धती आहेत. स्पिंडलच्या कमाल फेऱ्यांची मर्यादा ए पद्धतीत 'जी ५०' ने, तर बी पद्धतीत 'जी ९२' ने घातली जाते. ए पद्धतीत 'जी ९२' हे आटे पाडण्याचे चक्र आहे. बी पद्धतीचा पोस्ट प्रोसेसर ए पद्धतीच्या लेथसाठी वापरल्यास ही मर्यादा लागू होत नाही. स्थिर कर्तनवेगाने फेसिंग करताना टूल केंद्राकडे सरकते तसतशा फेऱ्या वाढत जातात, केंद्रोत्सारी बलाने चकची पकड सैल होते आणि जॉब निसटून बाहेर फेकला जाऊ शकतो. येथे प्रश्न जॉब बिघडण्याचा नसून समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेचा आहे.

निवडीचे निकष

१) केवळ उत्पादकाचे नाव पुरेसे नाही. नियंत्रकाचे नेमके मॉडेल, जी-कोडची पद्धत, दशांशचिन्हाचे पॅरामीटर व उपलब्ध पर्यायी सुविधा यांची प्रथम नोंद करावी.

२) अनेक एम-कोड यंत्राचा बांधणीकार ठरवतो. एकच नियंत्रक असलेल्या दोन यंत्रांत शीतकाचे वा क्लॅम्पचे कोड वेगळे असू शकतात. म्हणून यंत्राची पुस्तिकाही पाहावी.

३) पाच अक्षांच्या यंत्रात फिरणारे अक्ष टेबलात आहेत की स्पिंडलच्या बाजूस, हे पाहणे अनिवार्य आहे. टूलच्या टोकाचा माग ठेवणारी सुविधा फानुकवर 'जी ४३.४', सिन्युमेरिकवर 'ट्राओरी' व हायडेनहाइनवर 'एम १२८' या आज्ञांनी कार्यान्वित होते.

४) कॅम विक्रेत्याच्या संग्रहातील सर्वांत जवळचा पोस्ट प्रोसेसर घेऊन त्यात आवश्यक बदल करवून घ्यावेत.

पडताळणी

निवडीनंतर प्रत्येक प्रकारची क्रिया असलेला एक लहान प्रोग्राम तयार करून त्याची ओळ न् ओळ पुस्तिकेशी ताडून पाहावी. त्यानंतर टूल जॉबपासून सुरक्षित उंचीवर ठेवून, जलद गती कमीत कमी करून, एकेक ब्लॉक चालवावा. शेवटी मृदू साहित्यावर प्रत्यक्ष कर्तन करून मापे तपासावीत. प्रत्येक प्रोग्राममध्ये तीच दुरुस्ती हाताने करावी लागत असेल, तर पोस्ट प्रोसेसर चुकीचा आहे असे समजावे. अशी दुरुस्ती एखाद्या दिवशी राहून जातेच.

निष्कर्ष

पोस्ट प्रोसेसर नियंत्रकाच्या नावावरून नव्हे, तर नियंत्रक, यंत्राची बांधणी व पॅरामीटर या तिन्हींच्या मेळावरून निवडावा लागतो. कार्यशाळेतील प्रत्येक यंत्रासाठी पडताळलेला पोस्ट प्रोसेसर व त्याची लेखी नोंद ठेवणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे. त्याचबरोबर कॅमच्या अध्यापनात निर्माण झालेला कोड वाचण्याचा सराव कायम ठेवला पाहिजे. कारण पडद्यावर न दिसणारी चूक कोड वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाच वेळीच दिसू शकते.