जोडणी बदलता येणारी चिप आणि तिचे आरेखन-सॉफ्टवेअर

छापखान्यातील जुळारी आज जे खिळे जुळवून एक पान सिद्ध करतो, तेच सोडवून उद्या दुसरे पान जुळवतो. ‘एफपीजीए’ या नावाच्या चिपचे तत्त्व काहीसे असेच आहे. कारखान्यातून निघताना तिला कोणतेही ठराविक काम नेमून दिलेले नसते. तिच्यातील तर्कखंडांची जोडणी वापरणाराच ठरवतो. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली विक्रीस आणलेल्या अशा पहिल्या चिपमध्ये ६४ तर्कखंड होते. पुढे ही संख्या लाखांच्या घरात गेली आणि जोडणीचे काम संगणकाकडे सोपवणे अपरिहार्य झाले.

आरेखक प्रथम आपल्या मंडलाचे वर्णन व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषेत लिहितो. सॉफ्टवेअर त्या वर्णनाचे लहान लहान सत्यता-कोष्टकांत रूपांतर करते. चार निवेशांच्या कोष्टकात १६ नोंदी असतात. नंतर प्रत्येक कोष्टकाला चिपवर जागा देऊन मधल्या तारा जोडल्या जातात, घड्याळाच्या एका ठोक्यात संकेत वेळेवर पोचतो की नाही हे पाहिले जाते, आणि शेवटी शून्य व एक यांची एक लांबलचक मालिका तयार होते. हीच मालिका चिपमध्ये भरावयाची असते.

या मालिकेतील कोणता अंक कोणती तार जोडतो, हे निर्माते सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. सॉफ्टवेअर निवडण्याचा सारा प्रश्न येथे येऊन अडतो. लेखणी कोणतीही चालते, तसे येथे चालत नाही. चिप निवडली की सॉफ्टवेअर बहुतांशी ठरलेच. झायलिंक्स (२०२२ पासून ही कंपनी एएमडीची झाली) हिच्या नव्या चिपांसाठी विवाडो, तर अल्टेराच्या चिपांसाठी क्वार्टस. चिपचे वयही पाहावे लागते. एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात स्पार्टन-६ चे फलक असतील, तर विवाडो त्यांना ओळखणार नाही. त्यांना जुने आयएसई हवे, आणि त्याची १४.७ ही अखेरची आवृत्ती २०१३ सालची आहे.

याला एक सुखद अपवाद आहे. लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपांतील अंकांचा अर्थ स्वतंत्र अभ्यासकांनी उलगडला व २०१५ साली तो ‘आइसस्टॉर्म’ प्रकल्पातून सर्वांसाठी खुला केला. योसिस व नेक्स्टपीएनआर ही मुक्त साधने त्या आधारे साध्या संगणकावरही चालतात. विवाडोला मात्र कित्येक गिगाबाइट जागा लागते. या चिपा लहान आहेत, सर्वांत मोठ्या चिपेतही आठ हजारांहून कमी कोष्टके आहेत. तरीही शाळेसाठी आम्ही त्यांनाच पसंती देऊ.

चिप हाती नसली तरी अभ्यास अडत नाही. इकारस व्हेरिलॉग किंवा जीएचडीएल यांच्या साहाय्याने मंडलाचे वर्तन संगणकावरच पाहता येते, आणि ही साधने कोणत्याही निर्मात्याशी बांधलेली नाहीत. फलक विकत घेताना मात्र त्यावरील चिपचा पूर्ण क्रमांक उतरून घ्यावा व तो सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीच्या यादीत आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. मोठ्या चिपा त्या यादीत बहुधा नसतात.