आधी जमीन, मग मांडणी

मराठीत ‘गॅरेज’ म्हटलं की ग्रीसने काळे झालेले हात आणि पाने-पक्कड डोळ्यांसमोर येतात. घरची गाडी जिथे उभी राहते त्या जागेला अकोले तालुक्यात कुणी गॅरेज म्हणत नाही. ती ‘शेड’. बरेचदा ती पूर्वीच्या गोठ्याच्या जागीच उभी असते. बैल गेले, ट्रॅक्टर किंवा चारचाकी आली आणि कौलांच्या जागी पत्रा चढला. मात्र गाडीसोबत तिथे फवारणीचा पंप येतो, टोमॅटोचे कॅरेट येतात, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, खताच्या गोण्या, पुढच्या हंगामाचं बियाणंही येतं. बघता बघता गाडीची जागा घरातली सगळ्यात मोठी साठवणीची खोली होऊन बसते. तिची जमीन आणि मांडणी यांचा विचार मात्र शेवटी होतो, किंवा होतच नाही.

त्याची किंमत जुलैच्या मध्यावर कळते. भिंतीला टेकवून ठेवलेली युरियाची गोणी वरून कोरडी दिसते, पण तळाची चार बोटं काळपट ओली झालेली असतात. उचलून पाहिली तर आतल्या दाण्यांचा एकमेकांना चिकटून दगड झालेला. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि खालच्या फरशीतून वर येणारी ओल त्याला आयतीच मिळते. गोणी ४५ किलोची असते, त्यातलं निम्मं खत हातोडीने फोडायची वेळ येते. शेजारच्या पत्र्याच्या पेटीतले पाने गंजलेले असतात आणि लाकडी फळीच्या कडेने वाळवीची मातीची नळी वर चढलेली असते. नुकसान तीन ठिकाणी दिसतं, कारण एकच असतं: ओल.

अकोले तालुक्यात हा प्रश्न गावागणिक बदलतो. घाटमाथ्यावरच्या घाटघर, रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. पूर्वेला, तालुक्याच्या गावी तो शेकड्यांतच मोजावा लागतो. प्रवरेच्या काठच्या ऊस-टोमॅटोच्या पट्ट्यात जी शेड वर्षानुवर्षं टिकते, तशीच भाताच्या खाचरांशेजारी उभी केली तर दोन पावसाळ्यांत तिचं पोट सुटतं. म्हणून शहरातल्या दुकानातलं सुंदर चित्र दाखवून ‘असंच करा’ म्हणण्याआधी आपल्या अंगणात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे पाहायला हवं.

जुन्या घरांनी हे पाहिलं होतं. घर आधी दगडी जोत्यावर चढवलं जाई. बांबू किंवा कारवीची विणलेली, शेणमातीने लिंपलेली धान्याची कणगी जमिनीवर टेकवत नसत. खाली दगड ठेवून ती उचलून घेत. बियाण्याची कणसं चुलीवरच्या माळ्याला टांगली जात, तिथे धूर आणि ऊब त्यांना कोरडं ठेवी. जमिनीपासून अंतर, भिंतीपासून अंतर आणि हवा खेळती, अशी ही तीन कलमांची मांडणी होती. लोखंडी रॅक आला म्हणून ती जुनी होत नाही.

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी घरातच गावरान बियाण्यांची बँक उभी केली. कधी शाळेत न गेलेल्या राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्याआधीच बायफ संस्थेच्या साथीने त्यांचं काम राज्यभर पोहोचलं होतं. भात, वाल, घेवडा, पालेभाज्या अशी शंभराहून अधिक वाणं त्यांनी जपली. बी नीट वाळवायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरून तोंड बंद करायचं, ही त्यांच्या घरची रीत. राख ओलावा शोषते आणि तिचे बारीक कण किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडतात, त्यामुळे किडा सुकून मरतो. बीजशास्त्रात हॅरिंग्टन या अमेरिकी संशोधकाचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने उतरला की साठवणीतलं त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. घरच्या साठवणीच्या जागेत कोरडेपणाचं मोल किती, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

आता जमीन. शेडचं जोतं आजूबाजूच्या अंगणापेक्षा निदान एक फूट उंच हवं, पावसाच्या बाजूला दीड फूट असेल तर उत्तम. आत मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने चोपायचा. त्यावर दगडी सोलिंग. मग जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, जोड एकमेकांवर वीतभर चढवायचे, आणि त्यावर चार-पाच इंच काँक्रीट. हा कागद स्वस्त असतो आणि तोच सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. जमिनीतली ओल काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. तिला अडवणारं खाली काही नसेल तर वर कितीही महाग फरशी घाला, ती घाम फुटल्यासारखी ओली राहते.

वरचा कोबा घोटून आरशासारखा गुळगुळीत करण्याचा मोह गवंड्याला आणि घरमालकाला दोघांनाही होतो. चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्या घरात तो टाळावा. ओल्या कोब्यावर झाडू ओढून खरखरीत केलेला पृष्ठभाग पाय घसरू देत नाही. दाराकडे दर शंभर इंचांना एक इंच उतार दिला की गाडीवरून निथळलेलं पाणी आपोआप बाहेर जातं. कोबा झाल्यावर कडेने बांध घालून, भाताच्या खाचरासारखं पाणी तुंबवून, निदान आठ-दहा दिवस तो भिजत ठेवायचा. इथे घाई केली की पहिल्याच उन्हाळ्यात जाळीसारख्या भेगा पडतात.

फरशीच हवी असेल तर जाड शहाबादी फरशी या कामाला जुनी आणि भरवशाची. घरातल्या बैठकीच्या चकचकीत टाइल्स इथे नकोत. खाली पोकळी राहिली तर जॅक लावल्यावर त्या तडकतात. सिमेंटचे ब्लॉक बसवायचे तर चारचाकीसाठी ६० नव्हे, ८० मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. हल्ली इपॉक्सीच्या रंगाची जाहिरात जोरात असते. तो तेलाचे डाग धरत नाही हे खरं, पण खालचं काँक्रीट २८ दिवस मुरलेलं आणि पूर्ण कोरडं असल्याशिवाय त्याला हात लावू नये. कोरडेपणा ओळखायची युक्ती सोपी आहे: हातभर प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलायचा. कागदाखाली थेंब दिसले किंवा जमीन काळसर झाली, तर रंग फुगून पापुद्रे निघणार हे नक्की.

जमीन झाली की मांडणी. चारचाकीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. एका बाजूला दीड फूट खोलीचा रॅक लावायचा तर शेडची आतली रुंदी दहा फुटांच्या खाली नको. भोकांच्या लोखंडी अँगलचा नटबोल्टचा रॅक गावातल्या फॅब्रिकेटरकडे मिळतो आणि कप्पे वर-खाली करता येतात. घाटमाथ्याकडे मात्र जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा, नुसता रंगवलेला बोल्टांच्या भोकांपासून गंजायला लागतो. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर, पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी, वरचं टोक भिंतीला क्लॅम्पने बांधलेलं. तीन गोण्या ठेवल्या की कप्प्यावर १३५ किलो वजन पडतं. ते खालीच हवं. कॅरेट आणि नळ्या वर, रोज लागणारी हत्यारं छातीच्या उंचीवर.

काही गोष्टी मात्र या रॅकवर येताच कामा नयेत. कीटकनाशकं बियाण्याच्या आणि धान्याच्या शेजारी ठेवू नयेत. त्यांना मुलांच्या हाताबाहेरचं, कुलपाचं वेगळं कपाट हवं आणि ती पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नयेत. पेट्रोलचे कॅन साठवू नयेत. पावसाची झड येते म्हणून दार लावून आत इंजिन सुरू ठेवणं जिवावर बेततं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. समोरासमोरच्या भिंतींत वर दोन झरोके ठेवले तर हवा फिरते. त्यांना बारीक जाळी लावायची. शटरखालची फट रबरी पट्टीने बंद करायची. तिथून उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

हे सगळं कधी करायचं, याचं उत्तर पंचांगातच आहे. मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. त्याआधी काँक्रीटला २८ दिवस द्यायचे, तर कोबा मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत व्हायला हवा आणि मुरूम-सोलिंगचं काम एप्रिलमध्ये, गवंडी मोकळे असताना. मेअखेरीस कागदाची परीक्षा, मग रॅक, आणि मृगाच्या पहिल्या सरीला खताच्या गोण्या जमिनीपासून सहा इंच वर चढलेल्या.