नदीतले धातू आणि संशोधनाचा पैसा

बीड जिल्ह्यात बिंदुसरा नदी सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथला गोदावरीला. शिसे, कॅडमियम, पारा असे धातू अशा नद्यांत उतरले तर ते कुजून नाहीसे होत नाहीत. गाळात बसतात, गाळातल्या अळ्यांच्या अंगात भिनतात, तिथून माशांत आणि माणसांत पोचतात. म्हणून एकदाच बाटलीभर पाणी तपासून भागत नाही. पाणी, गाळ आणि जीव तिन्ही ऋतूंत, सलग काही वर्षे तपासावे लागतात. त्यासाठी महागडी यंत्रे, प्रशिक्षित माणसे आणि खात्रीचे अनुदान हवे. २०२३च्या कायद्याने उभे राहिलेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन महाविद्यालयांतल्या संशोधनालाही बळ देण्यासाठी आहे. तो पैसा आपल्या लहान नद्यांपर्यंत पोचायलाच हवा.