आभासी जगांतील खेळ घरोघर रुजतील काय?

गेल्या दिवाळींत भाच्याच्या घरीं फराळ आटोपल्यावर त्याच्या मुलानें आमच्या डोक्यावर एक चमत्कारिक टोप चढविला. मुलें त्यास ‘व्हीआर हेडसेट’ म्हणतात. डोळ्यांपुढें दोन भिंगें, त्यांच्यामागें चिमुकले पडदे, आणि मान वळेल तसें वळणारें जग. क्षणभर आम्ही खरोखरच एका कड्याच्या टोंकावर उभे होतों. पाय लटपटले हें कबूल केलें पाहिजे. पांचच मिनिटांत मात्र मळमळूं लागलें.

याचें कारण सोपें आहे. डोळे सांगतात, आपण धांवत आहों. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें, आपण जागच्या जागीं उभे आहों. दोघांच्या साक्षी जुळत नाहींत आणि शरीर बंड करतें. प्राग येथील मंडळींनीं २०१८ सालीं बाजारांत आणलेल्या ‘बीट सेबर’ या खेळांत ही अडचण मोठ्या खुबीनें टाळली आहे. तेथें खेळणारा जागचा हालत नाहीं. रंगीत ठोकळेच गाण्याच्या तालावर त्याच्याकडे येतात, व तो प्रकाशाच्या तलवारींनीं ते छेदतो. हा खेळ अत्यंत लोकप्रिय झाला यांत नवल नाहीं.

किंमतीचें म्हणावें तर, २०१६ सालीं ‘ऑक्युलस रिफ्ट’ ५९९ डॉलरला मिळे, शिवाय बळकट संगणक वेगळा. २०२० च्या ‘क्वेस्ट २’ ला संगणक नको आणि किंमत २९९ डॉलर. तरीही संगणकी खेळांची जी ‘स्टीम’ नांवाची मोठी पेठ, तिच्या दरमहाच्या पाहणींत हेडसेट बाळगणारे शेंकडा दोनांच्या आसपासच आढळतात.

आमच्या मतें खरी अडचण निराळीच आहे. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न चित्रें दाखवून खोलपणा भासविण्याची युक्ति जुनीच; व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आपला स्टीरिऑस्कोप विद्वानांपुढें मांडला. पुढें त्याचे हातांत धरावयाचे प्रकार युरोप-अमेरिकेंतील दिवाणखान्यांत शिरले, ते एका हातून दुसऱ्या हातीं फिरत म्हणून. आपल्याकडे पत्ते वा कॅरम मांडला कीं खेळणारे चार, पाहणारे आठ, आणि चुका दाखविणारे त्याहून अधिक! निन्टेंडोचें २००६ चें ‘वी’ यंत्र दहा कोटींवर खपलें. त्यांतला खेळ पडद्यावर सर्वांस दिसे. उलट सोनीचा २०१६ चा हेडसेट २०१९ अखेर सुमारें ५० लाखांपर्यंतच पोंचला. अर्धा किलो वजनाचा टोप घालून जो पोरगा आपल्यांत असून नसतो, त्याच्याभोंवतीं मंडळी किती वेळ बसणार?

हल्लीं आंतील दृश्य टेलिव्हिजनवरही दाखवितां येतें. भाच्यानें तें लावून दिलें, तेव्हां इतका वेळ पेंगत असलेल्या आमच्या अक्कानें खुर्ची पुढें ओढली.

“अरे, डावीकडचा सुटला!”

“दिसला ग आजी!” टोपांतून उत्तर आलें, आणि आम्हीही चष्मा पुसून पुढें सरकलों.