परिणाममान : प्रमाण आणि फरक

औषधाने गुण आला, एवढ्याने वैद्यकशास्त्राचे समाधान होत नाही; तो किती आला, हे अंकांत सांगावे लागते. हा अंक म्हणजे परिणाममान. डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील १०२ खेड्यांत केलेला, १९९० साली प्रसिद्ध झालेला बालन्यूमोनियाविषयीचा प्रयोग पाहावा. जेथे गावातच उपचार मिळाले, तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने ८.१ मृत्यू झाले; इतरत्र १७.५. घट ५४ टक्के, फरक ९.४. सर्व कारणांचे मृत्यू घेतले तर आकडे २८.५ व ४०.७, घट ३० टक्केच, पण फरक १२.२! टक्केवारी उतरली, वाचलेली मुले मात्र वाढली. म्हणून कोणते मान योजिले हे न सांगता दिलेला आकडा आम्हांस निरर्थक वाटतो.

महाविश्लेषणात अनेक प्रयोगांची अशी माने एकत्र करतात. ज्यात अनिश्चितता कमी, त्यास भार अधिक. २००३ साली सझावल व ब्लॅक यांनी गडचिरोलीसह नऊ प्रयोग जुळविले, तेव्हा न्यूमोनियाच्या मृत्यूंतील घट ३६ टक्के निघाली. ही गडचिरोलीच्या आकड्याची दुरुस्ती नव्हे. मूळ मृत्युमान स्थळोस्थळी भिन्न असते; जेथे ते अल्प, तेथे तेवढ्याच टक्क्यांनी थोडीच मुले वाचतात.