लेकरू मुंबईला, घर गावात

मागच्या कार्यक्रमानंतर दोन गावांतून आम्हाला एकच प्रश्न आला. गावातल्या लेकराला कॅन्सर निघालाय, आईबाप त्याला घेऊन मुंबईला निघालेत, तर आपण बायकांनी काय करायचं? आमच्या बचत गटावर ही वेळ दोन वर्षांपूर्वी आली. आम्ही काय केलं, काय चुकलो, ते आज सांगतो.

आमच्या एका मैत्रिणीची धाकटी, चार वर्षांची. ताप जायचा, पुन्हा यायचा. चेहरा पांढराफटक, अंगावर मार न लागता निळे डाग, पाय दुखतात म्हणून सारखी कडेवर. परभणीत रक्त तपासलं आणि तिथून मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात पाठवलं. रक्ताचा कॅन्सर.

हा आजार काय असतो ते आधी समजून घेऊ, कारण गावात नको ते बोललं जातं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. या आजारात तिथे कच्च्या पेशी बेसुमार वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागाच उरत नाही. म्हणून मूल पांढरं पडतं, डाग उठतात, ताप हटत नाही. हा आजार शिवून लागत नाही. आईनं गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही होत नाही. आमच्या मैत्रिणीला हे ऐकावं लागलं, तेही घरातूनच.

लहान मुलांत रक्ताच्या कॅन्सरचा जो प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, त्यात पुरे उपचार घेतलेली बहुतेक मुलं बरी होतात. 'पुरे' हा शब्द लक्षात ठेवा. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे कित्येक महिने जड असतात, मुंबईतच राहावं लागतं. नंतर घरी गोळ्या आणि ठरलेल्या तारखेला तपासणी. गंमत अशी की महिन्या-दीड महिन्यातच मूल खेळायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "बरी झाली की, आणा आता परत." पण लपलेल्या पेशी अंगात असतातच. मध्येच सोडलं तर आजार उलटतो, आणि उलटलेला आवरणं फार अवघड.

आमच्याकडे हेच होणार होतं. पहिल्या आठवड्यात आम्ही गटातून आठ हजार काढून दिले, स्टेशनवर पोचवायला गेलो, रडलो. आणि मग आपापल्या कामाला लागलो. खरं सांगायचं तर विसरलो. मृग लागला तेव्हा तिचा फोन आला, "मी लेकीला घेऊन येते परत." औषधाला पैसे नव्हते म्हणून नाही, औषध योजनेतून मिळत होतं. पेरणीला माणूस नव्हतं, दुभती म्हैस विकायला काढली होती, आणि तिसरीतला मोठा मुलगा शाळा सोडून आजीजवळ बसून होता. आजारानं नाही, घरानं तिला मागं ओढलं होतं.

त्या रात्री आम्ही बसलो. जुन्या माणसांना विचारा, इर्जिक म्हणजे काय ते. दहा घरची माणसं एकाच्या शेतात एक दिवस राबतात. तसं तिचं तीन एकर सोयाबीन दोन दिवसांत पेरून झालं, पुढे खुरपणीही. म्हशीची धार शेजारच्या काकूंनी घेतली, दूध डेअरीला, पैसे तिच्या खात्यावर. मुलगा आमच्यातल्या एकीच्या घरी राहायला आला, तिचा मुलगा त्याच्याच वर्गात होता. रोज रात्री आठला त्याचं आईशी बोलणं करून द्यायचं, हे आम्ही ठरवून पाळलं. पैशाचंही बदललं. एकदम मोठी रक्कम नाही, तर दर महिन्याला प्रत्येकीचे पन्नास रुपये, वेगळ्या वहीत लिहून. मुंबईत रोजचा खर्च दूध, रिक्षा-टॅक्सी, साबण असाच असतो. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा तिथे आधार देतो.

कागदांचं काम गावात राहून करता येतं, आणि ते आपणच करावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटायचं. घोडं अडतं ते रेशनकार्डावर, कारण धाकट्या मुलाचं नाव बहुतेक घरांत चढवलेलंच नसतं. आमच्यातल्या दोघी तहसीलला तीन खेपा घालून ते करून आल्या. (तुमच्या घरात मूल असेल तर उद्याच कार्ड काढून बघा.) जन्मदाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत.

राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे वर्षानुवर्षं कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची घरं आहेत, तिथे भाडं नाही आणि स्वयंपाक आपला आपण करता येतो. मात्र ही जागा रुग्णालयाच्या चिठ्ठीनं मिळते, म्हणून पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवकाला भेटायला सांगा. रेल्वेत रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला सवलत असते, तिचा फॉर्म डॉक्टर सही-शिक्का करून देतात. तो नसेल तर सवलत नाही, म्हणून निघण्याआधी मागून घ्यायचा.

रक्ताची गरज अचानक पडते. आपल्या गावची पोरं मुंबई-ठाण्यात कामाला असतात ना? त्यांचे नंबर आणि रक्तगट एका कागदावर लिहून आईजवळ दिला. त्यातले चौघे वेळेला धावून गेले. एकजण रात्रपाळी करून थेट तिथे गेला होता.

आमची दुसरी चूक सांगायला लाज वाटते. पोर पहिल्यांदा चार दिवस घरी आली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं, आम्ही सगळ्यात पुढे. कुणी पेढे भरवले, कुणी मुका घेतला. या औषधांनी अंगातली ताकद पार उतरलेली असते. तिसऱ्या रात्री ताप चढला आणि जीप करून पळावं लागलं. वाचली. तेव्हापासून नियम केला. दारातून बोलायचं, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, सर्दी-खोकल्याच्या माणसानं फिरकायचंच नाही. पाणी उकळलेलं, अन्न ताजं आणि गरम, कापून ठेवलेली फळं आणि बाजारचं बंद. घरात तापमापक हवाच. १००.४ च्या वर काटा गेला तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच रुग्णालयाला फोन. गावातल्या डॉक्टरकडून परस्पर सुई घ्यायची नाही. शेजारच्या मुलाला गोवर-कांजिण्या निघाल्या तरी ते डॉक्टरांना कळवायचं. गाडीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, आणि रात्री कोण उठून येणार तेही आधी ठरवा.

फोनवर काय बोलावं, असं पुष्कळजणी विचारतात. "अमक्याचं असंच झालं आणि तो गेला" हे सांगू नका. झाडपाल्याचा उपाय सुचवू नका. म्हैस व्याली, पाऊस झाला, पोराला पाढे पाठ झाले, हे सांगा. आमची मैत्रीण म्हणते, तेवढं ऐकलं की तिला जेवण जायचं.

आता पोरीला केस आलेत, अंगणवाडीतल्या बाईंना ती स्वतःच सांगते की माझ्या गोळीची वेळ झाली. गोळ्या अजून चार महिने आहेत. येत्या मंगळवारी तपासणी आहे, सोमवारी रात्री देवगिरीनं निघतील. धारेची पाळी या वेळी आमच्या अध्यक्षबाईंची आहे, आणि त्यांना म्हैस लाथ मारते, म्हणून सोबत एक जण पाहिजे.