इफ्तारच्या ताटासाठी पिवळा टोमॅटो: बी कधी टाकायचं, बियाणं कसं राखायचं

रमजान आता थंडीत सरकत चाललाय. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. नक्की तारीख अर्थातच चांद दिसल्यावर. गच्चीवर किंवा परसात चार कुंड्या सांभाळणाऱ्यांसाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण महाराष्ट्रात टोमॅटोला सगळ्यात मानवणारे महिने हेच. सप्टेंबरच्या शेवटी बी टाकलं तर जानेवारीपासून फळ हाताशी येतं आणि रमजानभर पुरतं.

मग नेहमीचा लाल टोमॅटोच का लावायचा? तो तर कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतो. घरी लावायचा तर जो बाजारात मिळत नाही तो लावावा. ‘यलो पेअर’ नावाचा एक जुना वाण आहे. फळ पिवळंधमक, बोटाच्या दोन पेरांएवढं, नाशपतीसारखं मानेकडे निमुळतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरोघरच्या बागांत तो असायचा. तिथल्या बायका ही छोटी फळं साखरेत शिजवून उन्हात वाळवायच्या आणि अंजिरासारखी बरणीत भरून ठेवायच्या. आपल्याकडच्या मुरब्ब्याचाच हा भाऊ म्हणायचा. बाजारात तो न येण्याचं कारणही साधं आहे: साल पातळ, पटकन तडकते, क्रेटमधून प्रवास झेपत नाही. मॉलमध्ये डबीत मिळणारे पिवळे चेरी टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतात, ती वेगळी गोष्ट.

पिवळा रंग टोमॅटोला नवा नाही. इटलीचे वनस्पतीतज्ज्ञ माट्टिओली यांनी १५४४ मध्ये या फळाबद्दल लिहिलं तेव्हा पिकल्यावर ते सोनेरी होतं असं नोंदवलं. इटालियन भाषेतला ‘पोमोदोरो’ हा शब्द म्हणजे सोन्याचं सफरचंद. हाच शब्द पुढे अरबीत गेला. सीरिया, लेबनॉन, फलस्तीनमध्ये आजही टोमॅटोला ‘बंदोरा’ म्हणतात. इजिप्तमध्ये मात्र ‘तमातिम’.

हा रंग येतो कुठून ते समजून घेतलं पाहिजे, कारण बियाणं राखताना सगळा खेळ त्यावरच आहे. टोमॅटोचा लालपणा लायकोपीन या रंगद्रव्यामुळे. ते तयार होण्याच्या साखळीतली एक सुरुवातीची कडी यलो पेअरसारख्या पिवळ्या वाणांत बिघडलेली असते, म्हणून गरात लायकोपीन जवळजवळ होतच नाही. तेव्हा ‘पिवळा टोमॅटो, लायकोपीनने भरपूर’ असं कुठल्या पाकिटावर दिसलं तर त्या विक्रेत्यावर फार भरवसा ठेवू नका. दुसरा गैरसमज ॲसिडिटीचा. पिवळा टोमॅटो आंबट नसतो, पोटाला चालतो, असं सर्रास सांगतात. त्याची चव सौम्य लागते हे खरं, पण आम्ल कमी असेलच असं नाही. साखर आणि आम्ल यांचा तोल वेगळा असतो, इतकंच. दिवसभर उपाशी पोटी राहिल्यावर ज्यांना टोमॅटोनं जळजळ होते, त्यांनी पिवळ्याच्या भरवशावर बशीभर खाऊ नये.

आणि चवीबद्दल खरं सांगायचं तर यलो पेअर दिसायला जेवढा देखणा तेवढा चवीला जोरदार नाही. सालनात टाकलात तर रंगही येणार नाही आणि खटासही. तिथे लालच पाहिजे. पण उकडलेल्या चण्यांत, कचुंबरमध्ये, फळांच्या चाटमध्ये अख्खा किंवा अर्धा चिरून, वरून काळं मीठ आणि लिंबू, मग बघा. लहान मुलं तर झाडावरूनच तोडून संपवतात.

आता लावणीकडे. कोकोपीट आणि गांडूळखत अर्धं-अर्धं घेऊन ट्रेमध्ये किंवा कागदी कपात बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकायचं. पाच ते दहा दिवसांत उगवतं. महिनाभरात रोप वीतभर झालं की मोठ्या कुंडीत हलवायचं, खालची पानं काढून खोड जरा खोलवर गाडायचं, म्हणजे मातीतल्या खोडालाही मुळं फुटतात. एका रोपाला किमान पंधरा-वीस लिटरची कुंडी किंवा ग्रोबॅग हवी. इथे लोक कंजुषी करतात आणि मग झाड पिवळं का पडलं विचारतात. हा वाण वाढतच राहणारा आहे, सहा-सात फूट सहज जातो, म्हणून बांबू किंवा वरून सोडलेली सुतळी पहिल्या दिवसापासून हवी. ऊन किमान सहा तास. शेणखत चांगलं, पण युरियाचा हात आखडता ठेवा. नाहीतर पानांचं रान माजेल आणि फूल दिसणार नाही.

पाणी नियमित हवं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं केलं की फळं तडकतात, काहींची बुडं काळी पडतात. ही बुडं काळी पडणं रोग नव्हे. पाण्याच्या चढउतारामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून तसं होतं. फळांवर आलेल्या झाडाला उबदार दिवसांत रोज दीड-दोन लिटर लागू शकतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या मोहल्ल्यांत लगेच प्रश्न येतो: पाणी आणायचं कुठून? उत्तर घरातच आहे, वुजूचं पाणी. हनफी असो की शाफई, दोन्हींच्या मते वुजूत वापरलेलं पाणी पाक असतं; फक्त त्यानं पुन्हा वुजू होत नाही. झाडाला घालायला काहीच हरकत नाही. नळाखाली टब ठेवला की चार माणसांच्या घरात पाच वक्तांचं पाणी दोन-तीन कुंड्यांना पुरून उरतं. साबणाचं किंवा टूथपेस्टचं पाणी मात्र त्यात मिसळू देऊ नका. तसं पाहिलं तर प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्दमध्ये, म्हणजे जेमतेम पाऊण ते एक लिटरमध्ये, वुजू करत असल्याची हदीस आहे, आपल्या उघड्या नळाशी तुलना करून बघा.

किडींपैकी खरी भीती पांढऱ्या माशीची. ती पानं आकसवणारा विषाणू पसरवते आणि त्याला औषध नाही. पिवळे चिकट सापळे लावा, आठवड्याला निंबोळी अर्क फवारा, आणि एखाद्या झाडाचा शेंडा गुच्छासारखा आकसला तर जीव न लावता ते उपटा. करपा खालच्या पानांवरून चढतो. ती पानं वेळेवर काढायची, पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायचं. बुलबुल पिकलेलं फळ बरोबर हेरतात. पेरलेल्यातलं पाखरानं, माणसानं किंवा जनावरानं खाल्लं तर तो सदका ठरतो, ही हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चार घोस जाळीखाली झाकून ठेवायला हरकत नसावी.

फुलं येऊनही फळ धरत नसेल तर दोन गोष्टी तपासा. रात्रीही उकाडा असेल तर फुलं गळतात; विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर हेच होतं, म्हणून उशिरा लावू नये. दुसरं, टोमॅटोचे परागकण फूल हललं की सुटतात. आठव्या मजल्यावरच्या बंदिस्त बाल्कनीत ना वारा ना भुंगा. सकाळी फुलांच्या घोसाला बोटानं हलकी टिचकी मारली की काम होतं.

राहिलं बियाणं. पाकिटावर ‘एफ-१’ लिहिलं असेल तर त्याचं बी राखून उपयोग नाही, पुढची झाडं वेगवेगळी निघतात. यलो पेअर सरळ वाण आहे, त्याचं बी तसंच उतरतं, पण एका अटीवर. पिवळा रंग दबणारा आहे: आई आणि बाप दोघांकडून पिवळेपण आलं तरच फळ पिवळं. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतो, तरी शेजारी लाल झाड असेल आणि एखाद्या भुंग्यानं तिथला पराग आणला तर त्या फळातल्या बियांना पुढच्या वर्षी लाल टोमॅटो लागतील. फसवं असं की या वर्षीचं फळ पिवळंच दिसतं, काही कळत नाही. म्हणून एक-दोन घोसांवर कळ्या उमलायच्या आधीच बारीक जाळीची पिशवी बांधा. निकाहात छुहारे वाटतात त्या पिशव्या यासाठी अगदी बेतशीर. रोज पिशवीसकट टिचकी मारा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरात कुणी ते इफ्तारला तोडणार नाही.

पूर्ण पिकलेलं फळ पिळून बी गरासकट काचेच्या ग्लासात दोन-तीन दिवस ठेवायचं. वर बुरशीची साय येते, वास येतो, घाबरू नका. बियांभोवतीचा चिकट थर त्यामुळेच सुटतो. मग धुवायचं, तळाशी बसलेल्या बिया घ्यायच्या, तरंगणाऱ्या टाकायच्या. कागदावर वाळवल्या तर चिकटून बसतात, म्हणून स्टीलच्या ताटलीत, सावलीत. खडखडीत वाळल्या की छोट्या बाटलीत भरून वाण आणि साल लिहून ठेवा. कोरड्या, गार जागी चार-पाच वर्षं उगवण टिकते. एका फळातच डझनावारी बिया निघतात, त्यामुळे ईदला शीरखुर्म्याच्या डब्याबरोबर एक-एक पुडी शेजारी सहज देता येते. पुडीवर ‘सप्टेंबरमध्ये पेरा’ एवढं तेवढं लिहायला विसरू नका.